फुर्लान

खाली बेलवर अजून त्याचंच नाव आहे.
फुर्लान. चौथा मजला, उजवीकडे.
त्रिएस्तेत आलो तेव्हा नोव्हेंबर होता,
घरमालकाने दोन किल्ल्या दिल्या,
त्यातली एक कशाची ते अजून कळलेलं नाही.

इरावती साडेसातच्या बसने समुद्राकडे जाते,
पाण्यातले क्षार मोजते, रोज वेगळ्या खोलीवर.
मी घरी. कागदोपत्री मी
"अवलंबून असलेली व्यक्ती".
काचेआडच्या बाईने तो रकाना नखाने दाखवला,
मी सही केली.
अक्षर मात्र चांगलं आलं.

आईचा फोन: रुळलास का रे?
म्हटलं, रुळायला आधी वाट लागते.
ती तर लागलीच आहे, आई म्हणाली,
आणि आम्ही दोघंही जरा जास्तच हसलो.

इथे कॉफीला कॉफी म्हणून चालत नाही.
काळी हवी तर नेरो,
वर थोडं दूध हवं तर कापो,
तीच काचेच्या पेल्यात हवी तर कापो इन बी.
सात दिवस मी बोट दाखवत राहिलो
आणि जे येईल ते प्यायलो.
आठव्या दिवशी म्हणालो, कापो इन बी.
काउंटरवरच्या पोराने मान वर न करता
पेला पुढे सरकवला.
कोणी माझ्याकडे बघितलं नाही
याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पहिलं भांडण पडद्यांवरून.
मोठ्याने भांडलो, कारण या अख्ख्या जिन्यात
ही भाषा आमची दोघांचीच.
तिसऱ्या वाक्याला पडदे संपले.
मी म्हणालो, तुझ्यासाठी आलो मी इथे.
ती म्हणाली, माझ्यासाठी, की माझ्याबरोबर?
नीट आठव.
मग बराच वेळ नुसता फ्रिजचा आवाज.

दुसऱ्या दिवशी समोरच्या नेरीना कोस्सुत्ताबाई दारात,
बंदरावर चाळीस वर्षं मालाच्या याद्या तपासलेल्या,
हातात फुर्लानची आलेली पत्रं.
मला त्यांचं अर्धं कळतं, त्यांना माझं पाव.
त्यांनी भिंतीकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे.
सगळं समजलं, म्हणाल्या.
तोही याच भिंतीपाशी भांडायचा.
एकटा.

जानेवारीत वारा सुटला.
बोरा म्हणतात त्याला,
माहेरी आलेल्या तापट आत्याचं नाव घ्यावं
तसं, आवाज खाली आणून.
कचऱ्याचे डबे उताराने गडगडत गेले,
स्कूटर एकीवर एक आडव्या झाल्या,
कोणाची तरी उशी तारेवर.
कोपऱ्यावर कोस्सुत्ताबाई दिव्याचा खांब धरून उभ्या,
दुसऱ्या हातात पावाची पिशवी.
मला बघून ओरडल्या:
फुर्लान!
आणि मी, कसं सांगू, ओ दिली.
दंड पुढे केला.
चढ चढलो दोघं, तिरके तिरके,
एकमेकांवर भार टाकत.
कोण कोणावर अवलंबून
ते त्या काचेआडच्या बाईने येऊन बघावं.

रात्री इरावती आली, केसांचं घरटं झालेलं,
ओठांवर मीठ.
आज काही मोजता आलं नाही म्हणाली,
समुद्र जागेवर थांबेना.
मसुराची आमटी केली होती, हिंग आता दोन चिमटीच उरलाय.
जेवताना तिला फुर्लानचं सांगितलं.
ती इतकी हसली की ठसका लागला,
मग उठून मैद्याच्या पुड्याची कडा कापली
आणि त्यावर आमची नावं लिहायला बसली.
बेलवरची जागा करंगळीएवढी.
दोन नावं मावेनात.
एकच लिहू? म्हणाली.
कोणाचं?
राहू दे.

ती पट्टी अजून फ्रिजवर आहे,
भोपळ्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली.
खाली फुर्लानच.
बेल वाजली की
आम्ही दोघं एकदमच उठतो.